दहा फुटी रॉड विकला: घाटाखालच्या ल्युअर फिशिंगची यंदाची नोंद

हंगाम सुरू व्हायच्या आधी दहा फुटी जाड रॉड विकला आणि त्यात थोडी भर घालून नऊ फुटी, पंधरा ते चाळीस ग्रॅमचे ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, फेकणारा रॉड घेतला. निपाणीच्या दोस्ताचा लगेच फोन: "काय रे, लांब टाकायचं सोडलास काय?" सोडलं, खरंच सोडलं. यंदा जे बरे मासे लागले ते बहुतेक तीस मीटरच्या आत, आणि त्यातले काही तर उभ्या जागेपासून चार-पाच वावांवर. किनाऱ्यावरून ल्युअर फिरवणाऱ्या आपल्यासारख्या घाटमाथ्यावरच्या लोकांचा निम्मा पैसा आणि निम्मी ताकद लांबीत जाते. तीच पाणी ओळखण्यात घातली तर पदरात जास्त पडतं, असं आता माझं पक्कं मत झालंय.

येळ्ळूरकडे भात कापून झालं की मोकळी शेतं मिळतात. तिथे हुक काढून दोन्ही रॉड मारून बघितले होते. अठ्ठावीस ग्रॅमचा मेटल जिग, म्हणजे धातूचा भरीव ल्युअर, जुन्या रॉडने साधारण दहा मीटर पुढे पडायचा. मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा हलका ल्युअर, मात्र दोन्हींनी जवळजवळ तिथंच. हवेत वाकडातिकडा उडणारा मिनो रॉड लांब केला म्हणून लांब जात नाही. आणि खाडीत माझ्या हातात निम्म्याहून जास्त वेळ मिनोच असतो. मग दहा फुटी दांडकं तासन्‌तास हलवून खांदा दुखवून घ्यायचा कशाला? नऊ फुटी बाइकला बांधायलाही सोपा, हा वेगळा फायदा.

आपली खरी अडचण रॉडची नाहीच, अंतराची आहे. वेंगुर्ल्याचा माणूस संध्याकाळी चहा पिऊन खाडीवर चक्कर टाकतो. पाणी बरं दिसलं तर रॉड काढतो, नाहीतर घरी जातो. आपल्याला बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर गाडी मारायची. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी हिशेब फारसा बदलत नाही. आंबोलीत धुकं असलं की गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. तेव्हा रविवार मोकळा आहे म्हणून निघालो, हे चालत नाही. आधी तिथी, मग जागा, मग ल्युअर. रॉडचा नंबर सगळ्यात शेवटी.

भरतीचा जुना हिशेब बहुतेकांना ठाऊक असेल: तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभ्या उभ्या होतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री ॲपवर ताडून बघतो. शिवाय आपल्या पट्ट्यात दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक धाकटी. हे तिथीवरून कळत नाही, त्याला तक्ताच लागतो.

मला हवी असते सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उजाडताना. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठं खरं, पण भरती अकरा-बाराला. म्हणजे उजाडायच्या वेळी पाणी तळाला जाऊन थांबलेलं. अष्टमीच्या आसपास वेळ छान जुळते, पण ते भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराचं, त्यात जोर नसतो. मधल्या तृतीया ते पंचमीला, शुद्ध असो की वद्य, भरती सव्वादोन ते पावणेचारला संपते आणि सूर्य वर येताना सुकती ऐन भरात असते. यंदा रजा याच तिथ्या बघून टाकल्या. घरी वाटलं उपासतापास सुरू केलेत.

यातली आणखी एक गोष्ट. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आपल्या वेंगुर्ला-गोवा-कारवारच्या पट्ट्यात दोन मीटरच्या आसपासच. त्यामुळे इथे ओढ तयार व्हायला अरुंद जागा लागते: खाडीचं तोंड, पुलाचे खांब, दोन खडकांमधली घळ. मोकळ्या पुळणीवर ती ओढ पसरून जाते. शिरोड्याची वेळागर दिसायला सुरेख, घरच्यांना घेऊन जायला तर उत्तमच. पण ल्युअर टाकायचा तर आधी वाळूवर बसून लाटा बघाव्यात. दोन्ही बाजूंना लाट फुटतेय आणि मधे एका पट्ट्यात फुटत नाही, पाणी गडद दिसतंय, तिथे खोलगा आहे. त्याच्या कडेने तिरपं टाकायचं. असा पट्टा दिसला नाही तर सरळ गाडी काढून खाडी गाठतो.

यंदाचा बहुतेक वेळ मोचेमाडच्या खाडीवर आणि तेरेखोलच्या काठाने आरोंद्याच्या बाजूला गेला. सुकती लागली की खारफुटीच्या मुळांतून शेवटे नावाचे मासे आणि कोळंबी बाहेर निघतात आणि पाण्याबरोबर तोंडाकडे वाहत येतात. मोठा मासा त्यांच्यामागे धावत बसत नाही. दगडाच्या, खांबाच्या आड, जिथे ओढ मेलेली असते तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि समोरून वाहत आलेलं उचलतो. म्हणून ल्युअरही वरच्या अंगाने यायला पाहिजे. वर टाकायचा, धारेबरोबर खाली येऊ द्यायचा आणि आडोशाच्या कडेला आला की दोनदा मनगट मारून थांबवायचा. खालून वर, प्रवाहाच्या उलट ओढलेला ल्युअर आपल्याला छान थरथरताना दिसतो, पण दमलेला शेवटा तसा कधी पोहत नाही.

एका सकाळी पाणी अजून चढतच होतं आणि मी उगाच टाकत सुटलो होतो. शेजारी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, घेऊन बसलेले काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पाणी फिरूंदे रे, मगे टाक." पाग मांडीवर, बिडी शिलगावलेली, घाई कसलीच नाही. पाणी फिरलं तसे ते उठले. मीही त्यांच्यापासून पन्नास पावलं लांब सरकलो, कारण पाग टाकणाऱ्याच्या पुढ्यात हुक असलेला ल्युअर मारणं बरं नव्हे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तिथेही तसंच, रॉड बाजूला ठेवावा आणि जमलं तर दोरीला हात लावावा. जाळ्यात काय आलं हे बघून बॉक्समधला कुठला ल्युअर काढायचा तेही कळतं.

पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात बारा सेंटीमीटरचा मिनो, लाल डोकं नि पांढरं अंग, खांबाच्या सावलीत शिरला आणि मनगटाला ठोका बसला. चोणक, म्हणजे आपला जिताडा. पहिल्यांदा तो पळाला नाही, वर आला. अख्खं डोकं पाण्याबाहेर, कल्ले ताठ उघडलेले, आणि मिनो जबड्याच्या कोपऱ्यात खडखड वाजत होता. मग खाली डोकं घालून थेट खांबाकडे. खांबावर कालवं, लाइन टेकली की संपलंच. स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळलेल्या भागावर, तळवा दाबून रॉड आडवा केला, मासा वळला. काठावर घेतल्यावर लीडरवरून, म्हणजे ल्युअरच्या आधी बांधलेल्या जाड लाइनवरून, नख फिरवलं तर शेवटची वीतभर लाइन खरखरीत झालेली. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण तोंड कानशीसारखं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारेची. तीस पाउंडाचा लीडर या माशाला पुरत नाही. आता पन्नासचाच लावतो, चारेक फूट, आणि प्रत्येक माशानंतर खालचा तुकडा कापून पुन्हा बांधतो.

तो मासा घरी आला. त्याच्याहून मोठे सोडायचे असं आम्ही ठरवलंय. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे काढले की अंडी घालणारेच निघून जातात.

टॅकलचं थोडक्यात. रील चार हजार साइजचं, त्यावर पीई दोन नंबरची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, जाडी ०.२३५ मिलिमीटर. स्पूलवर आधी थोडी साधी नायलॉन गुंडाळून मग ब्रेड, नाहीतर अख्खी लाइन स्पूलवर घसरते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, खराब झालाय असं वाटत राहतं. ड्रॅग अंदाजाने लावत नाही, स्प्रिंगच्या काट्याला लाइन अडकवून रॉड वाकवून बघतो. तीस पाउंडाच्या लाइनला साडेतीन-चार किलोवर सुटायला पाहिजे.

ब्रेड आणि लीडरच्या जोडाला एफजी नॉट. यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाल्लं असेल. ब्रेडचं टोक दातात, दुसरी बाजू गुडघ्याला, ती तंग ठेवून लीडर एकदा वरून एकदा खालून असा वीस वेढे फिरवायचा. वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक चढता कामा नये. मग थुंकी लावून हळूहळू ओढायचं. बरोबर बसला की ब्रेडचा रंग बदलून जरा गडद होतो आणि वेढे लीडरमध्ये रुतलेले दिसतात. रंग बदलला नाही तर तो सुटणार, कापून परत बांधायचा. हे काम घरी टीव्हीसमोर करायचं. पुळणीवर वाऱ्यात, बॅटरी तोंडात धरून डबल युनी ही सोपी गाठ बांधावी आणि पुढे चालावं.

ल्युअरच्या रंगावर दोस्तमंडळी रात्र रात्र वाद घालतात. मला तो वाद फुकटचा वाटतो. वजन आणि खोली आधी जुळू द्या. खाडीत मीटरभर खाली जाणारा, सोडला की वर येणारा मिनो, कारण दगडाला लागला तर थांबायचं, तो आपोआप सुटून वर येतो. एक बरा मिनो आठशे-हजाराला पडतो, तेव्हा हा गुण काही लहान नाही. ओढ जास्त आणि पाणी खोल असेल तर चार इंची रबरी मासा, चौदा किंवा एकवीस ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या हुकवर. तळाला टेकतोय हे हाताला कळलं पाहिजे. कळत नसेल तर वजन वाढवायचं. यावर तांबोशी येते, ती एकदा दगडात शिरली की मग देवाचं नाव घ्या. सकाळी मतलई वारा पाठीमागून असतो तोवर सगळंच उडतं. नऊ-दहानंतर खारा वारा तोंडावर आला की मिनो ठेवून मेटल जिग, नाहीतर सरळ नाश्ता.

खडकावर यंदा कमी गेलो. रेडीच्या बाजूला नि वेंगुर्ला बंदराजवळ उजाडताना फेसात पॉपर, म्हणजे पाण्यावर उडवत आणायचा ल्युअर, मारला की कोकर मासे येतात, आणि पाण्याच्या वर फुटणारा तो घाव बघायला मजा येते यात शंका नाही. पण घाटावरून आलेल्या माणसाला लाटेचा अंदाज नसतो. पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, सगळ्यात मोठ्या लाटेने खडक कुठपर्यंत भिजतो. ओल्या काळ्या रेघेच्या खाली पाय नाही. एकट्याने नाही. खाडीत गुडघाभर पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा, म्हणजे वाळूत पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, असेल तर आधीच सरकते. आणि शिंगाळा लागला तर त्याचा काटा पक्कडनेच सांभाळायचा, हाताने नाही. केंड, म्हणजे फुगणारा मासा, लागला तर सोडून द्यायचा, त्याच्यात विष असतं.

परतीचा घाट चढायला तीन तास लागतात आणि तेवढ्यात मीठ वाळून बसतं. म्हणून आता डिकीत दोन बाटल्या नळाचं पाणी आणि जुना पंचा असतो. गाडीला किक मारायच्या आधी रीलचा ड्रॅग घट्ट करून वरून पाणी, पुसायचं. घरी आल्यावर पुन्हा धुऊन, ड्रॅग सैल करून सावलीत. ल्युअरचे स्प्लिट रिंग आणि ट्रेबल हुक मात्र तरी गंजतात. तीन-तीन काट्यांचे ट्रेबल काढून एकेरी हुक लावायला सुरुवात केलीय. मासा सोडायला सोपं, दगडात अडकणं कमी. फक्त वजन बदलल्याने काही मिनो आडवे पडून पोहायला लागतात, तेव्हा नवीन हुक लावलेला प्रत्येक ल्युअर आधी पायाजवळ ओढून बघावा लागतो.

मेअखेरीस बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींनाही बंदी असते आणि त्या समुद्रासमोर किनाऱ्यावर उभं राहण्यातही अर्थ नाही. दसऱ्यानंतर खाड्यांचं गढूळ पाणी निवळलं की पुन्हा. यंदा कारवारला काळी नदीच्या मुखाशी कोडीबागच्या बाजूने बघायचा विचार आहे, नौदलाच्या हद्दीपासून लांब राहून. तिथलं पात्र मोचेमाडपेक्षा कितीतरी रुंद, सुकतीला एकवीस ग्रॅमचा जिगहेड तळाला टिकेल असं वाटत नाही. कोणी तिथे ल्युअर फिरवला असेल तर कुठल्या वजनावर भागलं ते सांगा, म्हणजे पावसाळ्यातच शिसं ओतून ठेवतो.