शेवटचे काही प्रयोग

सांगलीला आमच्या घरी पेपरात एखाद्या नाटकाचे "शेवटचे पाच प्रयोग" अशी जाहिरात आली की बाबा पेपराची घडी घालत म्हणायचे, "म्हणजे अजून पन्नास तरी होतील." आणि व्हायचेही. महिन्याभरात तीच जाहिरात पुन्हा यायची, फक्त डोक्यावर एक शब्द वाढलेला असायचा: लोकाग्रहास्तव.

त्यामुळे २०११ च्या ऑक्टोबरमध्ये इथे डब्लिनला, ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण लाल डोळ्यांनी सांगायला आली की वेस्टलाइफ, म्हणजे तो गाणाऱ्या मुलांचा ग्रुप, वेगळे होतायत, एक निरोपाची टूर करणार आणि मग संपलंच, तेव्हा मला आधी बाबा आठवले. मी म्हटलं, "येतील गं परत." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्या आजीच्या मयताला जाऊन पेढे वाटले असावेत.

मला येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. वेस्टलाइफ मला नवीन नव्हते. हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर एकच टेपरेकॉर्डर होता आणि त्यांच्या गाण्यांची एक कॅसेट, रिवाइंड करकरून घासलेली. वहीत गाणी उतरवून घ्यायचो, निम्मे शब्द चुकीचे. पण ही मुलं आयर्लंडची आहेत हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. इंग्लिश गाणी म्हणजे इंग्लंड किंवा अमेरिका, एवढाच आमचा भूगोल.

मैत्रीण स्लायगोची. स्लायगो म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं छोटंसं गाव; कवी येट्स यांची कबर तिथून जवळच आहे. ग्रुपमधले तिघं, शेन फिलन, कियन इगन आणि मार्क फीहिली, याच गावचे. शेनच्या आईवडिलांचं गावात कॅफे होतं. मुलांचा ग्रुप बरा गातो म्हणून शेनच्या आईनं सरळ लुई वॉल्शला गाठलं. वॉल्श हा बॉयझोन ग्रुप उभा करणारा मॅनेजर, आणि तिच्या माहेरच्या गावचा. गाववाला निघाला की कामं होतात, हे फक्त आपल्याकडेच असतं असं मी समजत होते. पुढे डब्लिनचे दोघं घेतले, निकी बर्न आणि ब्रायन मॅकफॅडन, आणि १९९८ मध्ये ग्रुप उभा राहिला. निकी त्याआधी लीड्स युनायटेडकडे गोलकीपर होता. ब्रायन २००४ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे निरोप घ्यायला उरले चौघं.

त्यांची पहिली सातही सिंगल्स, म्हणजे सुटी काढलेली गाणी, ब्रिटनमध्ये लागोपाठ पहिल्या क्रमांकावर गेली होती. आठवं २००० च्या नाताळात अडलं, आणि ते कुणी अडवलं? बॉब द बिल्डरनं. लहान मुलांच्या कार्टूनमधला हेल्मेटवाला गवंडी. मैत्रीण हे सांगताना अजूनही चिडते.

तिकिटांचं सांगते. शेवटचा कार्यक्रम २३ जून २०१२ ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर, असं जाहीर झालं. सकाळी आम्ही दोघी दोन कॉम्प्युटरांपुढे बसलो. पान उघडून कार्डाचा नंबर टाकेपर्यंत तिकिटं संपलेली. मग २२ तारखेचा आणखी एक कार्यक्रम वाढवला. (बघा, शेवटचा कार्यक्रम ठरतो न ठरतो तोच लोकाग्रह सुरू.) त्याची दोन तिकिटं मिळाली. म्हणजे आम्ही निरोपाला गेलो ते निरोपाच्या आदल्या दिवशी. मैत्रीण म्हणाली, बरंच झालं, रडायला एक दिवस राखून राहील.

तेव्हाचं आयर्लंड कसं होतं ते सांगितल्याशिवाय हे रडणं कळायचं नाही. घरं आणि जमिनींचा फुगा फुटला होता. २०१० च्या शेवटी देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज काढावं लागलं होतं. बेकारी १५ टक्क्यांच्या घरात. आमच्यासारखे आयटीवाले बाहेरून येत होते आणि इथली पोरं ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघाली होती. दर दुसऱ्या शुक्रवारी ऑफिसात कुणाचा तरी निरोपाचा केक. खुद्द शेन फिलननं स्लायगोत बांधकामाच्या धंद्यात पैसे घातले होते. क्रोक पार्कच्या कार्यक्रमाला काही दिवस उरले असताना तो दिवाळखोर ठरला. पेपरच्या पहिल्या पानावर. थोड्याच दिवसांत त्याला ऐंशी हजार लोकांपुढे उभं राहून प्रेमाची गाणी म्हणायची होती.

मैत्रीणही ऑगस्टमध्ये मेलबर्नला निघणार होती. नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं होतं. तिनं मला एक जुनी चाल सांगितली, "अमेरिकन वेक". वेक म्हणजे मयताच्या घरी रात्र जागवणं. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेला निघालेला मुलगा परत येत नसे, म्हणून जहाजाच्या आदल्या रात्री त्याच्या घरी तशीच रात्र जागवत. खाणं, पिणं, गाणी, नाच, आणि पहाटे आईचा टाहो. "शुक्रवारी आपण तिकडेच चाललोय," ती म्हणाली. मला तेव्हा ते जरा नाटकी वाटलं.

क्रोक पार्क हे साधं स्टेडियम नाही. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या त्यांच्या मातीतल्या खेळांचं हे घर. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी इथे गोळीबार केला, चौदा माणसं गेली. त्यात मायकेल होगन हा खेळाडूही होता, आणि आज एका स्टँडला त्याचं नाव आहे. फुटबॉल आणि रग्बी हे इंग्रजांचे खेळ, म्हणून त्यांना इथे कित्येक वर्षं बंदी. ती उठली २००५ मध्ये. गाण्याला मात्र अशी आडकाठी नव्हती, यू-टू हा आयरिश रॉक बँड इथे १९८५ लाच गाऊन गेला. मला या नियमाची गंमत वाटते. इंग्रजांचा चेंडू चालत नाही, इंग्रजी गाणं चालतं.

ड्रमकॉन्ड्राच्या बाजूनं चालत निघालो. कालव्याच्या काठानं बायकांची रांगच्या रांग, आई, मुलगी, मावशी, तीन पिढ्या एकदम. फुटपाथवर गळ्यात टोपल्या अडकवलेल्या बायका ओरडत होत्या, "हॅट्स, स्कार्फ्स, हेडबँड्स!" एकाच सुरात, शेवटच्या शब्दाला हेल काढून, अगदी आपल्या भाजीवालीसारखा. छत्री आत नेता येत नाही म्हणून पर्समध्ये पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट. आजूबाजूची घरं बैठी, विटांची, एकमेकांना चिकटलेली. एका घराच्या दारात म्हातारे जोडपे खुर्च्या टाकून गर्दी बघत बसले होते, पालखी बघायला बसावं तसे. सगळे शेजारी इतके प्रेमळ नसतात. दोनच वर्षांनी गार्थ ब्रुक्स या अमेरिकन गायकाचे इथेच पाच कार्यक्रम ठरले, चार लाख तिकिटं विकली गेली, रहिवाशांनी आवाज उठवला, महापालिका म्हणाली तीनच करा, तो म्हणाला पाच नाहीतर एकही नाही. आणि एकही झाला नाही. सारं शहर महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतं. त्यानं ते पाच कार्यक्रम अखेर २०२२ मध्ये येऊन केले.

आत आम्ही खूप वर, कुसॅक स्टँडमध्ये. माणसं करंगळीएवढी. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे निम्मा कार्यक्रम लख्ख उजेडातच. आमच्या पुढच्या रांगेत तीन मुली होत्या, एकाच रंगाचे टी-शर्ट. पाठीवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: एकीच्या "पर्थ", दुसरीच्या "टोरांटो", तिसरीच्या "मी इथेच". पूर्ण वेळ ती तिसरी मध्ये उभी होती आणि दोघींच्या कमरेत हात घालून होती. मैत्रीण स्टेजकडे कमी आणि त्या पाठींकडे जास्त बघत होती. "नाटकी" हा शब्द मी तेव्हा मनातल्या मनात परत घेतला.

मग स्टुलं आली. वेस्टलाइफची खूण म्हणजे चार उंच स्टुलं. संथ गाणं, चौघं बसून गातायत, हात मांडीवर. शेवटचं धृपद आलं की गाणं एक पट्टी वर चढतं, आणि नेमक्या त्या क्षणी चौघं एकदम उठून उभे राहतात. बस्स. एवढंच. यावर इथे अगणित विनोद आहेत. पण प्रत्यक्षात काय होतं, तर ते उठायच्या अर्धा सेकंद आधी अख्खं मैदान श्वास धरतं. सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ते उठले की ऐंशी हजार माणसं उठतात. स्टँडचं काँक्रीट पायाखाली थरथरलेलं मला कळलं.

बाबा आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवत आले. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांना सांगितलं तर पलीकडून थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "काळी एक वरून काळी दोनला गेले की उठायचं. चांगलंय. आमच्या बुवांना सांगतो, त्यांचे गुडघे दुखतात."

शेवटी चौघांपैकी कुणाला नीट बोलता येईना. ते निरोप घ्यायचे, परत वळायचे, पुन्हा हात हलवायचे. इथली माणसं फोन ठेवतानासुद्धा एकदा "बाय" म्हणून ठेवत नाहीत. "बाय, बाय, बाय-बाय, बाय" असं आवाज लहान होत होत दहा वेळा. मैत्रिणीची आई पंधरापर्यंत जाते. आपल्याकडे "चला, निघतो" म्हटल्यावर दारात चपला घालून अर्धा तास गप्पा होतात, तसलंच. फक्त आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. बाहेर पडताना हे मी मैत्रिणीला समजावून सांगितलं. चार वेळा म्हणवून घेतलं. "येतो" नाही, तू बाई आहेस, "येते". ऑगस्टमध्ये विमानतळावर तिनं मला ते म्हणून दाखवलं, "य" वर नको इतका जोर देऊन.

दुसऱ्या रात्रीचा, खराखुरा शेवटचा कार्यक्रम ब्रिटनमधल्या थिएटरांतही थेट दाखवला गेला. मग चौघं पांगले. निकी २०१६ मध्ये आयर्लंडतर्फे युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेला गेला, अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही. मी इथेच राहिले, लग्न झालं, नागरिकत्वाचे कागद झाले, रेनकोट तीन बदलले.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नहून मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसतं चौघांचं छायाचित्र आणि खाली हसणारे सतरा चेहरे. ते परत येत होते. मी तिला रोमन अक्षरांत लिहून पाठवलं: लोकाग्रहास्तव. अर्थ सांगायला दोन मेसेज लागले. ती म्हणाली, आयरिशमध्येही याला एक शब्द हवा होता.

जुलै २०१९, पुन्हा क्रोक पार्क, पुन्हा दोन रात्री. ती तोवर नवरा आणि दोन मुलांसकट परतली होती. मोठीचे उच्चार पक्के ऑस्ट्रेलियन, आणि इथल्या उन्हाळ्याला ती हिवाळा म्हणत होती. या वेळी आम्ही खाली, मैदानात. लोक तेच, सात वर्षांनी जाड झालेले. मी त्या तीन मुली शोधत होते. ऐंशी हजारांत सापडणार कुठून, पण एवढ्या सगळ्या पाठी वाचल्या खऱ्या.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्टलाइफ मुंबईलाही गेले. ठाण्याची माझी मावसबहीण गेली होती. हॉस्टेलवरची ती कॅसेट मुळात तिचीच. तिनं मध्यरात्री घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. सकाळी बाबांचा फोन.

"हे निवृत्त झाले होते ना?"

"झाले होते, बाबा."

"हं. आणि ताईनं काय काढलंय हे? गाणं ऐकू येतंय, पण शेवटी शेवटी पुढची सगळी माणसं उभी. काही म्हणता काही दिसत नाही."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. नुसती डोकी आणि वर धरलेले मोबाइल.

"थांब," बाबा म्हणाले, आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पेटीचा भाता हलला. एक सूर, मग त्याच्या वरचा.

"बरोबर," ते परत येऊन म्हणाले. "पट्टी बदललीय."