तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा भाग तेवढाच चांगला असतो का?

सांगलीत मारुती चौकाजवळ माझे कॅसेट आणि सीडी भाड्याने देण्याचे दुकान १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे चालले. ते बंद होऊन बराच काळ लोटला, तरी मंडईत किंवा एखाद्या लग्नकार्यात जुने सभासद भेटले की एक प्रश्न हमखास येतो: ‘काका, मुलांना त्या कार्टून पिक्चरचा पहिला भाग फार आवडला. दुसरा तेवढाच चांगला आहे का?’ उभ्याउभ्या दिलेले उत्तर मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

बहुतेक दुसरे भाग पहिल्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पहिल्या भागाने न विचारलेला एखादा प्रश्न ज्या दुसऱ्या भागाने विचारला, तो पहिल्याच्या बरोबरीने उभा राहतो आणि क्वचित त्याच्याही पुढे जातो.

माझ्या दुकानाचा काळ हा नेमका अशा दुसऱ्या भागांच्या सुळसुळाटाचा काळ होता. डिस्नेचा ‘अलादीन’ १९९२ साली आला आणि दोनच वर्षांनी ‘द रिटर्न ऑफ जाफर’ हा त्याचा पुढचा भाग चित्रपटगृहात न लागता थेट कॅसेटवर आला. तो कंपनीच्या दूरचित्रवाणी विभागाने तयार केला होता आणि ज्या रॉबिन विल्यम्स यांच्या आवाजावर पहिल्या भागातील जिनी उभा होता, तो आवाजही त्यात नव्हता. आमच्याकडील मुलांना विल्यम्स कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण चित्रांतील सपाटपणा आणि हालचालींतील तुटकपणा त्यांना बरोबर जाणवत असे. माझ्या नोंदवहीत तो फरक दिसायचा: एकच घर पहिला भाग तीन-चार वेळा नेई, दुसरा मात्र एकदा परत आला की त्याच नावापुढे पुन्हा क्वचितच लागे.

‘बाम्बी’विषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. १९४२ सालच्या त्या चित्रपटात शिकाऱ्याची गोळी हरिणीला लागताना दिसत नाही. फक्त आवाज येतो, पाडस बर्फात आईला हाका मारत फिरते, वडील समोर येऊन आई आता तुझ्याजवळ येऊ शकणार नाही एवढेच सांगतात आणि पुढच्याच दृश्यात वसंत ऋतू उजाडतो. मधले महिने चित्रपट गाळतो आणि ती गाळलेली जागा प्रत्येक मूल आपापल्या मनाने भरून काढते. २००६ साली, म्हणजे तब्बल चौसष्ट वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने नेमके तेच महिने दाखवले: एकटे पडलेले पाडस, अबोल वडील आणि हळूहळू जुळत गेलेले त्यांचे नाते. त्यातील चित्रकाम जिव्हाळ्याने केलेले आहे, हे मान्यच केले पाहिजे. तरीही जे न सांगण्यातच पहिल्या भागाचे सामर्थ्य होते ते सांगून टाकल्यामुळे माझ्या मते मूळ चित्रपटाचे काही भले झाले नाही. त्याच वर्षी डिस्नेने ‘टॉय स्टोरी’ काढणारी पिक्सार ही कंपनी विकत घेतली, तिथल्या जॉन लॅसेटर यांच्याकडे अ‍ॅनिमेशनची सूत्रे आली आणि पुढच्या वर्षी असे थेट कॅसेट-सीडीसाठीचे पुढचे भाग काढण्याचे धोरण बंद करण्यात आले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

आपल्याकडचे उदाहरण ‘हनुमान’चे. २००५ सालच्या पहिल्या भागातील कथा आपल्या घराघरांतील, आणि समर्थांनी स्थापलेले शिराळा-बहे येथील मारुती ज्यांच्या शेजारी आहेत त्या मुलांना तर ती पाठच होती. दोन वर्षांनी अनुराग कश्यप यांनी दुसऱ्या भागात हनुमानाला आजच्या काळात मारुती नावाचा मुलगा म्हणून जन्माला घातले. कल्पना धीट होती आणि मुले खूश होती, पण पहिल्यातील भक्तीचा धागा सुटल्यामुळे ती एका वेगळ्याच मुलाची गोष्ट झाली.

त्याच २००५ सालच्या महापुरात कृष्णेचे पाणी दुकानात शिरले आणि ज्या कॅसेट सभासदांच्या घरी होत्या तेवढ्याच वाचल्या. पुढे ‘टॉय स्टोरी २’ची हकीकत वाचली तेव्हा म्हणूनच ती मला फार जवळची वाटली. १९९८ साली एका चुकीच्या संगणकीय आज्ञेने त्या चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला होता आणि बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्रदिग्दर्शिकेच्या घरातील संगणकावर प्रत होती म्हणून तो वाचला. विशेष म्हणजे एवढ्या कष्टाने वाचवलेली ती कथा पुरेशी चांगली नाही असे वाटल्यावर त्या मंडळींनी तिचा बहुतेक भाग स्वतःच बाजूला सारला आणि सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट नव्याने उभा केला. खरे तर तोही आधी थेट कॅसेटसाठीच ठरला होता.

पहिल्या भागात वुडी या खेळण्याला भीती होती ती नव्या खेळण्याने आपली जागा घेण्याची. दुसऱ्यात प्रश्न त्याहून कठीण आहे: ज्याचे आपण खेळणे आहोत तो अँडी मोठा होऊन आपल्याला विसरणार हे ठाऊक असताना त्याच्याकडे परतायचे, की जपानमधील संग्रहालयात काचेआड कायमचे जपले जायचे? २०१० सालच्या तिसऱ्या भागात अँडी खरोखरच कॉलेजला निघतो. याउलट अचाट शक्ती असलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या ‘द इनक्रेडिबल्स’चा दुसरा भाग चौदा वर्षांनी, २०१८ साली आला, पण कथा जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली, कोणीही एका दिवसानेसुद्धा मोठे झालेले नव्हते. करमणूक भरपूर झाली, परंतु वाट पाहिलेल्या प्रेक्षकाच्या वाढलेल्या वयाशी तो चित्रपट काहीच बोलला नाही.

सहा वर्षांचा असताना ‘टॉय स्टोरी’ची कॅसेट नेण्यासाठी वडिलांचे बोट धरून येणारा एक मुलगा बारावीनंतर, २०११च्या जूनमध्ये, पुण्याला शिकायला जाण्याआधी दुकानात आला आणि तिन्ही भागांच्या डीव्हीडी एकदम घेऊन गेला. दुकान आवरायला काढले होते, त्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने त्या परत आणून दिल्या. मी त्यांतली तिसरी त्याच्याकडेच ठेवायला सांगितली, तर त्याने दुसरी मागून घेतली.