काळ्या मातीतून पिकअप ओढताना: इंदूरची पावसाळी नोंद

मागच्या नोंदीत टायर आणि हवेचं लिहिलं होतं, आता प्रत्यक्ष ओढून काढण्याचं. झड उघडल्यावर सिमरोलच्या पुढे एका मित्राच्या सोयाबीनच्या शेतालगत आम्ही मुद्दाम सरावाला गेलो. रुतवलेली गाडी माझी व्ही-क्रॉस पिकअप, ओढणारी मित्राची थार जीप.

माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारं खनिज भरपूर असतं. टायरच्या खाचा भरून जातात, मग कितीही जाड नक्षीचा टायर असो, तो गुळगुळीतच. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं की गाडी पुढे जात नाही, खाली जाते. डिफरंशियलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) चिखलावर टेकला, की थांबायचंच.

ओढायला किती जोर लागेल, याचा एक जुना ठोकताळा आहे. चाकांपर्यंत रुतली तर साधारण गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत दुप्पट, केबिनपर्यंत तिप्पट. सामानासकट सव्वादोन टनांची पिकअप मडगार्डपर्यंत गेली, तर साडेचार टन. पाऊण इंची शॅकलवर, म्हणजे दोर गाडीला जोडणाऱ्या पिनवाल्या कडीवर, सुरक्षित भार ४.७५ टन लिहिलेला असतो, म्हणजे हाताशी उरलं काय? म्हणून मी फावड्याला दोरापेक्षा जास्त मान देतो.

आमचाही बहुतेक वेळ खणण्यातच गेला. चाकांपुढे लांब, निमुळता उतार कापला आणि डिफरंशियलखालचा चिखल कुदळीने मोकळा केला. काळी माती फावड्याला अशी धरते की दर खेपेला काठीने खरवडावी लागते. टायरच्या बाजूला पहार घालून हलवली, तेव्हा फसकन हवा आत गेली आणि खड्ड्यातलं पाणी एकदम खाली बसलं. ही धरलेली माती सुटली की अर्धं काम झालं. मग चारही टायरमधली हवा कमी करून १८ पीएसआयवर आणली.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर आणि लोखंडी साखळी घेऊन मदतीला आले. त्यांना म्हटलं, "काका, ट्रॅक्टर असू द्या, साखळी मात्र नको." साखळी ताणत नाही, झटका बसला की तुटते आणि तुटलेलं टोक माणसाच्या अंगावर येतं. ट्रॅक्टरने ओढायचंच तर दोर मागच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या दांड्यालाच हवा. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. काकांनी मान डोलावली. असा अपघात त्यांनी गावात पाहिला होता.

आम्ही नायलॉनचा कायनेटिक दोर वापरला. तो सुमारे ३० टक्के ताणतो आणि ती ताकद हळूहळू गाडीला देतो. पॉलिएस्टरचा टोइंग पट्टा या कामाचा नाही. दोर फक्त चॅसिसवरच्या भार सोसणाऱ्या रिकव्हरी पॉइंटला. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला, कधीही नाही! तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. गाडी बांधून नेण्यासाठी दिलेल्या कड्यांनाही नाही. शॅकलची पिन पूर्ण आवळून किंचित मागे घेतली, दोर तुटला तर उसळू नये म्हणून त्याच्या मध्यावर ओलं घोंगडं टाकलं. बांधावर पोरं जमली होती, त्यांना दोराच्या दीडपट अंतरापलीकडे पाठवलं. ९ मीटरचा दोर, म्हणजे साडेतेरा मीटर. पोरं हलेपर्यंत कोणी इंजिन चालू केलं नाही.

इशारे एकानेच द्यायचे, बाकीचे गप्प. थार सरळ रेषेत, बेताच्या वेगाने निघाली. दोर ताणला तसा मी लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हचा कमी वेग, जास्त जोराचा टप्पा) दुसऱ्या गिअरवर हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला. गाडी झटका न बसता उतारावर चढली. इतकं खणल्यावर ओढणं क्षणभराचं असतं.

दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातलाय. मातीचे कण आत राहिले तर धागे आतून कापले जातात. पुढच्या खेपेला विंच (गाडीवरचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आणि पुली, म्हणजे ओढ जवळजवळ दुप्पट. पण तिथे विंचचा दोर बांधायला आसपास झाड नाही, स्टेपनी जमिनीत पुरून तिचाच आधार करावा लागेल. काळ्या मातीत ती किती खोल पुरली तर धरते, हे कोणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.