माळढोकाचा उपयोग काय?

दुर्मीळ होत चाललेले सगळेच प्राणी कशाला वाचवायचे, माणसाच्या उपयोगी पडतात तेवढेच वाचवले तर काय बिघडेल, असे मी जीवशास्त्र शिकवत असताना दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारीत असे. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

माझ्या लहानपणी उपयोगी प्राण्यांची यादी कोणी केली असती, तर तिच्यात गिधाड नक्कीच नसते, कारण आमच्या गावात तो शब्द शिवीसारखाच वापरला जाई. ओढ्यापलीकडे मेलेली जनावरे टाकण्याची जागा होती. सकाळी तिथे ओढत नेलेल्या बैलाची संध्याकाळी शाळेतून परतताना नुसती हाडे उरलेली दिसत. नव्वदच्या दशकात गिधाडे भराभर मरू लागली आणि पांढऱ्या पाठीची गिधाडे तर देशभरात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते, हे कळून गुरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत २००६ साल उजाडले. दरम्यान ओढ्यापलीकडची जागा कुत्र्यांनी घेतली होती, आणि गिधाडे फुकटात काय करीत होती ते तेव्हा गावाला कळले.

हे उदाहरण ऐकणाऱ्याला लगेच पटते. मला मात्र ते अपुरे वाटते, कारण त्यातही हिशेब उपयोगाचाच आहे, फक्त उधारीचा. खरी परीक्षा माळढोकाची आहे. भारतात आता जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत, त्यांतले बहुतेक राजस्थानात. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. तो नाकतोडे खातो म्हणून शेतकऱ्याचा मित्र, असे मीही वर्गात सांगत असे. पण दीडशे पक्षी खाऊन खाऊन किती नाकतोडे खाणार?

तरीही तो वाचवावा, असे माझे मत आहे. लाखो वर्षांत घडलेला एक जीव आपल्या तारांनी आणि नांगरांनी संपत असेल, तर त्याने आपल्याला काय दिले हे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. पैसा कमी पडतो हे खरे. पण आधी कोणाला वाचवायचे हे ठरवताना उपयोग पाहू नये, कोणाची वेळ भरत आली आहे ते पाहावे.

खर्चाचा भार मात्र सर्वांनी उचलायला हवा. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, तेव्हा त्याच्या हद्दीत गावेच्या गावे आली आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. पुढे ते क्षेत्र बरेच कमी करावे लागले. तिथे मी दोनदा गेलो. काळविटे पुष्कळ दिसली, माळढोक एकदाही दिसला नाही. परतताना एका शेतकऱ्याने चहा पाजला आणि विचारले, "गुरुजी, पक्षी तुमचा, मग जमीन माझीच का?" त्याला मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही.