पावसातलं डांबर

एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, हातात आली की मी आकड्यांआधी तारखा बघते. एका बांधकाम कार्यालयाच्या लेखापरीक्षणात घाटरस्त्याच्या डांबरीकरणाची मापं निघाली ती थेट जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. पानामागून पान एकच शाई, एकच वळण, खाडाखोड नाही. भर पावसात घेतलेल्या मापांची वही इतकी कोरडीठाक? आमच्या लेखापरीक्षण पार्टीतल्या, म्हणजे पथकातल्या, नव्या मुलाला तहसील कचेरीत पिटाळलं. पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत त्या आठवड्यात उघडिपीचा एक दिवस नव्हता.

हाफ मार्जिन काढलं. अर्ध्या कागदावर आमचा प्रश्न, उरलेला अर्धा त्यांच्या उत्तरासाठी मोकळा. जेवणानंतर उपअभियंता आले. "मॅडम, तारीख नजरचुकीने पडलीय. काम मे महिन्यातलंच. पॅरा तेवढा नका टाकू." पॅरा म्हणजे अहवालातला आमचा आक्षेप.

बरं, मग मेचं रोलरचं लॉगबुक द्या म्हटलं; खात्याच्या रोलरचं भाडं ठेकेदाराच्या बिलातून कापलेलं होतंच. लॉगबुक सापडेना. १९७१ च्या आमच्या, म्हणजे कॅगच्या (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) कायद्यातलं कलम १८ काढलं, कागदपत्रं मागवण्याचा अधिकार त्यातलाच, आणि तासाभरात ते कपाटातून बाहेर आलं. रोलर अख्खा मे महिना दुरुस्तीला!

मुलगा खुशीत. "आता यांना सस्पेंड करायचं ना?"

ते आपल्या हातात नाही रे, म्हटलं; आपलं काम हिशेबाचं. १८६० मध्ये एडमंड ड्रमंड पहिले महालेखापरीक्षक झाले, तेव्हा हिशेब ठेवणं आणि तपासणं एकाच खात्याकडे होतं. केंद्राचे हिशेब आपल्याकडून गेले ते थेट १९७६ मध्ये. राज्यांचे अजून आहेत. संविधानाने कॅगला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकं संरक्षण दिलं, डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत त्याला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं, पण शिक्षेचा अधिकार काही दिला नाही. अहवाल राज्यपालांकडे, तिथून विधिमंडळात, मग लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारते. कारवाई करायची ती शासनाने. मला हे पटतं. त्याला पटलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी मोकळ्या अर्ध्यावर उत्तर आलं: "अभिलेख तपासून कळविण्यात येईल." हे वाक्य मी जिल्ह्याजिल्ह्यात वाचलंय. खाली सही-शिक्का घेतला आणि पॅरा निरीक्षण अहवालाच्या भाग दोन-अ मध्ये, म्हणजे गंभीर आक्षेपांत, टाकला.