घरच्या भिंतीवर नेम सुधारतो का?

मी नेमबाजी शिकवते. सराव संपायची वाट बघत बाहेर थांबलेले पालक मला हमखास विचारतात, "मॅडम, घरी पिस्तुलाला लावायचा लेझर घेऊन दिला तर नेम सुधारेल का?" २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून छोट्या गावांतले आईवडीलही हे विचारतात. रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा, जवळ नसेल तर घरच्या सरावाशिवाय इलाज नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

सुधारतो. कशानं, ते मात्र समजून घ्या. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि पिस्तूल एका हातानंच धरायचं. असा हात कोणाचाच पूर्ण स्थिर राहत नाही, ऑलिंपिक विजेत्यांचाही नाही. मुलं साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, बरोबर मध्ये यायची वाट बघतात आणि आली की ट्रिगर झटकन ओढतात. त्या झटक्यानं शॉट सातात नाहीतर आठात जातो. ही सवय मोडायला ट्रिगर असंख्य वेळा सावकाश दाबावा लागतो, आणि त्यासाठी पेलेट, म्हणजे छर्रा, लागत नाही. जगभरचे नेमबाज म्हणूनच ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव, करतात. लेझरमुळे त्याच सरावाचा परिणाम डोळ्यांना दिसतो.

साधा लेझर ट्रिगर सुटला की टार्गेटवर एक ठिपका दाखवतो, बस्स. स्कॅटसारख्या ट्रेनरमध्ये, म्हणजे सरावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रात, नळीवर सेन्सर बसतो आणि शॉटच्या आधी, शॉटच्या क्षणी आणि नंतर नळी कुठे कुठे फिरली त्याची रेघ संगणकावर उमटते. माझ्या मते खरा शिक्षक ती रेघ आहे. दहात गेलेला शॉट नशिबानं गेला की नीट दाबल्यामुळे, हे ठिपका सांगू शकत नाही. हे ट्रेनर महाग असतात, त्यामुळे एखाद्या क्लबनं एक घेऊन सगळ्यांनी वापरणंच शहाणपणाचं.

लेझरची एक उणीव मला फार महत्त्वाची वाटते. पेलेट सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगानं जातो, आणि ट्रिगर सुटल्यावरही काही सहस्रांश सेकंद तो नळीतच असतो. तेवढ्यात हात सैल पडला तर शॉट भरकटतो. प्रकाशाला हा उशीर नाही. त्यामुळे फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतरही हात आणि नजर तशीच धरून ठेवणं, कच्चा असला तरी लेझर दहा दाखवतो, मूल खूश होतं आणि रेंजवर तोच शॉट खाली जातो. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून लेझर पिस्तुलच वापरतात, तिथे हे चालतं. आपल्या मुलांना पेलेट मारायचा आहे. म्हणून घरी ठिपका दिसल्यावरही साइटवरची नजर हलू द्यायची नाही, मनात दोन आकडे मोजायचे आणि मगच हात खाली.

घरात दहा मीटर मिळत नाहीत. पाच मीटरवर जवळपास निम्म्या आकाराचं टार्गेट लावा, मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. जवळचं टार्गेट स्पष्ट दिसतं आणि नजर तिकडे ओढली जाते. ती फ्रंट साइटवरच, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या साइटवरच, हवी. ठिपका मध्ये पडत नाही म्हणून साइटचे स्क्रू मात्र फिरवू नका. लेझरचा मॉड्यूल सरळ करा, नाहीतर रेंजवर पहिला अर्धा तास साइट परत बसवण्यात जाईल.

मॅच पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असते. नळी खाली वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनला ती नसते. पेलेटशिवाय ती चालवली की पिस्टन आदळून सील खराब होतं. तिच्यावर हा प्रयोग नकोच.

सुरक्षेबाबत मी कोणाचंही ऐकत नाही. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात. पिस्तूल रिकामं आहे हे आधी मोठ्या माणसानं बघायचं, मग मुलानं. समोर आरसा, टीव्ही किंवा काचेची फ्रेम नको, कारण परावर्तित लेझर डोळ्यांत जाऊ शकतो. खिडकीचा पडदा ओढलेला हवा. समोरच्या इमारतीतल्या माणसाला ते पिस्तूल खरंच दिसतं.

आणि एवढं करूनही पहिले काही महिने लेझर घेऊ नका. कोऱ्या भिंतीसमोर, टार्गेटशिवाय, रोज पंधरा-वीस मिनिटं ट्रिगर दाबू द्या. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलत नाही असं मूल स्वतःहून सांगायला लागलं की मग खर्चाचं बोलू.