सगळ्यांना एकच मोटर

गुरुवार, रात्री उशिरा

धाकट्याला त्याच्या रिमोटच्या रेसिंग गाडीला ब्रशलेस मोटर हवी आहे, म्हणजे आत्ताच्या साध्या मोटरीपेक्षा जास्त वेगाची. क्लबहून घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय. मी नाही म्हटलं. का नाही, ते त्या वेळी धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून काढतो.

लग्नाआधी इथे मिल्टन कीन्सला नवा आलो तेव्हा रूममेटच्या नादाने मी रिमोटच्या गाड्यांच्या रेसिंगला लागलो होतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीची, एक दशांश मापाची टीटी-01 ही गाडी. रेडिओ, म्हणजे हातातले रिमोट, 27 मेगाहर्ट्झचे, प्रत्येकाचा फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल वेगळा आणि त्यांचे रंग ठरलेले: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. क्लबात एक फळी असायची, तिच्यावरचा आपल्या रंगाचा चिमटा ताब्यात घेतल्याशिवाय रेडिओला हात लावायचा नाही. कुणी विसरला, की भलत्याचीच गाडी भरवेगात भिंतीवर. पोरांना हे सांगितलं तर दोघं हसत सुटली. आता सगळं 2.4 गिगाहर्ट्झवर. रेडिओ आणि रिसीव्हरची एकदा जोडी लावली, की शेजारी कितीही जण उभे असोत.

ती जुनी गाडी गराजमध्ये सापडली आणि तिथून हे सगळं पुन्हा सुरू झालं. बॅटऱ्या अर्थातच मेलेल्या. मग दोघांसाठी दोन टीटी-02 आणल्या आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. किटमध्ये चाकांना प्लॅस्टिकचे बुश येतात, ते जोडतानाच काढून बॉल बेअरिंग घातले. एवढा एक खर्च डोळे मिटून करावा.

बॉडी रंगवायचं काम बायकोने परस्पर घेतलं. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी आतून रंगवतात, म्हणजे जे वर दिसायला हवं ते आधी आणि पाठचा रंग शेवटी. काचेमागून रंगवलेल्या जुन्या देवांच्या तसबिरी असतात ना, तसंच. बाहेरची संरक्षक फिल्म तिने थोरलीला सोलायला दिली. आतला लाल एकदम चकाकून बाहेर आला तेव्हा या घरात गाड्यांबद्दल पहिल्यांदाच एकमत झालं. धाकट्याने तेवढ्यात एक गोष्ट ऐकवली: तामियाची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी 1976 सालची पोर्शे 934, आणि त्या मॉडेलसाठी शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे 911 विकत आणून पार सुटी केली होती. ‘मग आपणपण आपली...’ असं तो म्हणत होता, तर आईने नुसतं बघितलं.

तर मोटर. किटबरोबर येते ती साधी 540, ब्रशवाली. आमच्या तिन्ही गाड्यांना तीच, मोटरीवरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, तेही सारखंच. शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये अंथरलेल्या कार्पेटवर सरळ रस्ता असतो केवढा? ट्रिगर पूर्ण दाबेपर्यंत वळण येतं. तिथे ब्रशलेस लावली तर तो अर्ध्या ट्रिगरवर गाडी सांभाळत बसेल आणि मी दर आठवड्याला सस्पेन्शनचे आर्म विकत घेईन. खरं शिकायचं असतं ते वेगळंच. गाडी आपल्याकडे तोंड करून यायला लागली, की डावं-उजवं उलटतं. धाकटा ‘मी आत बसलोय’ असं पुटपुटत चालवतो आणि त्याला ते जमतं. माझं बोट अजूनही त्या एका वळणावर अडखळतं. तिघांच्या मोटरी सारख्या असल्या की कोण का मागे पडलं ते सरळ दिसतं, पैशांवर ढकलता येत नाही. थोरली मला आज अख्ख्या लॅपने मागे टाकून गेली, हेही त्यामुळेच लिहायला बरं वाटतंय. बघू. उन्हाळ्यात मैदानात चालवायला वेगळी गाडी घेतली तर ब्रशलेसचा विचार करीन, त्याआधी नाही.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्यांचा चार्जर स्टोरेजवर, म्हणजे साठवणीच्या सेटिंगवर लावलाय, दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर तशीच ठेवायची नाही, आणि चार्जिंग चालू असताना झोपायला जायचं नाही, म्हणून तर हे लिहीत बसलोय.

आज एक गंमत झाली. हीट, म्हणजे रेसची एक फेरी, पाच मिनिटांची असते. आपली संपली की गाडी टेबलावर ठेवायची आणि पुढच्या हीटला ट्रॅकच्या कोपऱ्यावर मार्शल म्हणून उभं राहायचं. कुणाची गाडी उलटली की सरळ करून द्यायची, पण मागून येणाऱ्या गाड्या बघून मगच पाऊल आत टाकायचं. सरावाच्या वेळी एका काकांनी थोरलीला वळणावर असं ढकललं होतं, की तिची गाडी कडेच्या पट्टीवर चढून बसली. नंतर ती मार्शल होती आणि त्याच काकांची गाडी नेमकी तिच्या पायाशी येऊन उताणी पडली.

घरी येताना मी विचारलं, ‘केलीस ना सरळ?’

‘केली की. पण आधी मागच्या गाड्या जाऊ दिल्या, बाबा. सगळ्या. नियमच आहे ना तसा?’